एका नावाची अनेक कपाटे

सातारा,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे होत आले. उत्तराला उशीर झाला, कारण रोजची सकाळ आणि पुष्कळदा संध्याकाळसुद्धा वाचनालयातच जाते आहे. गावातल्या एका प्राध्यापकांच्या निधनानंतर त्यांच्या मुलीने त्यांचा सगळा संग्रह आमच्या वाचनालयाला दिला. खोकी उघडायची, पुस्तके पुसायची, दाखल नोंदवहीत चढवायची आणि प्रत्येकाचा वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे कपाटातली जागा सांगणारा आकडा, ठरवून कण्यावर चिठ्ठी लावायची, हे काम मी आपणहून मागून घेतले. ते करताना जी गोष्ट ध्यानात आली ती तुला सविस्तर लिहावी असे तेव्हाच मनाशी ठरवले होते.

तिसऱ्या खोक्यातून ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलोन’ निघाले. त्याचा वर्गांक अर्थशास्त्राचा, ३३२. त्याच्या खाली मार्टिन ल्यूथरचे ख्रिस्ती धर्मसुधारणेवरचे पुस्तक होते. त्याच्या नावातही बॅबिलोन, इराकमधले तेच प्राचीन शहर, आणि वर्गांक २८४. पुढच्या खोक्यात जॉर्ज स्टायनर यांचा अनुवादाच्या शास्त्रावरचा ‘आफ्टर बेबल’ होता, म्हणजे ४१८. मग बॅबिलोनी गणितावरचा ग्रंथ, ५१०. अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याच्या स्पॅनिश कथांचा इंग्रजी अनुवाद, त्यात बाबेलच्या ग्रंथालयाची कथा, ८६३. आणि अगदी शेवटी प्रत्यक्ष बॅबिलोनच्या उत्खननाचा इतिहास, ९३५. नियमाप्रमाणे ही पुस्तके सहा निरनिराळ्या कपाटांत जायला हवीत आणि पुन्हा कधी एकमेकांजवळ यायचे त्यांना कारण नाही. मला मात्र ती लगेच पांगवणे जमले नाही. खिडकीजवळच्या टेबलावर मी ती एका रांगेत उभी केली आहेत आणि काम संपले की तासभर तिथे बसून वाचतो आहे.

आपल्या दोघांच्या कानावर हे नाव पहिल्यांदा कधी पडले, ते तुला आठवते का? सातवीच्या सहलीत मलबार हिलवर म्हातारीचा बूट पाहून आपण रस्ता ओलांडला आणि हँगिंग गार्डनमध्ये शिरलो. इथे काही लोंबकळत का नाही, असे तू गुरुजींना विचारले होतेस. ही बाग पाण्याच्या टाकीवर केलेली आहे, आणि नाव बॅबिलोनच्या झुलत्या बागांवरून आलेले आहे, असे त्यांनी सांगितले होते. त्या बॅबिलोनच्या बागांचा तरी पत्ता पक्का असेल असे मी पुढे कितीतरी वर्षे धरून चाललो होतो. त्या केल्या असे मानतात त्या नबुखद्नेस्सर राजाने (इ. स. पूर्व ६०५ ते ५६२) आपल्या बांधकामांची वर्णने मातीच्या लेखांत भरभरून लिहून ठेवली, पण बागेचा उल्लेख त्यांत कुठेच सापडत नाही. स्टेफनी डॅली या विदुषीने २०१३ साली संबंध पुस्तक लिहून असे मांडले की ती बाग बॅबिलोनात नव्हतीच. ती उत्तरेला, आजच्या मोसुलजवळच्या निनेवेत, सन्हेरिब राजाने केली होती. सगळ्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. पण तो खरा असेल तर दुसऱ्या शहराची बागसुद्धा या नावाने आपल्याकडे ओढून घेतली, असे म्हणावे लागेल.

हे बळ त्या नावात कुठून आले असावे, याचा मी बराच विचार केला. त्या लोकांच्या अक्कादी भाषेत शहराचे नाव ‘बाब-इली’ असे होते, म्हणजे देवाचे द्वार. पराभूत होऊन तिथे नेलेल्या यहुद्यांच्या ग्रंथात तेच नाव ‘गोंधळ करणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूशी जोडले गेले. माणसे आकाशाला भिडणारा बुरूज बांधायला निघाली, देवाने त्यांच्या भाषांचा घोटाळा केला आणि काम थांबले, ही बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातली कथा तुला ठाऊक आहे. इंग्रजीत ‘बेबल’ आणि ‘बॅबिलोन’ अशी दोन नावे पडली, त्यामुळे बुरूज एकीकडे आणि साम्राज्य दुसरीकडे असे वाटत राहते. मराठी बायबलात दोन्हीकडे एकच शब्द आहे, बाबेल. या बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा मुळाच्या जवळ आहे असे मला वाटते. जेत्याने ‘द्वार’ म्हटले आणि बंदिवानाने ‘गोंधळ’ म्हटले. एकाच शब्दात वैभव आणि शाप दोन्ही साठले, आणि म्हणूनच पुढच्या प्रत्येक लेखकाला त्यातून आपल्या कामाचे काहीतरी मिळत गेले.

ल्यूथरला त्यातला बंदिवास हवा होता. १५२० साली त्याने चर्चच्या ‘बाबेली बंदिवासा’वर पुस्तक लिहिले. यहुदी लोक जसे बाबेलात कैदेत पडले तसे सामान्य श्रद्धावान पोपच्या सत्तेत आणि संस्कारांच्या जाळ्यात कैद आहेत, असा त्याचा आरोप होता. युफ्रेटिसकाठच्या शहराविषयी त्यात काहीच नाही, तरी ते नाव काढून घेतले तर पुस्तकाची धारच जाईल. कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला नदीकाठी बसून मायभूमीसाठी रडणाऱ्या त्या बंदिवानांचे स्तोत्र पाठ होते. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांनी जुलमी राज्यव्यवस्थेला आजवर ‘बॅबिलोन’ म्हटले तेही याच स्तोत्राच्या बळावर. स्टायनर यांनी १९७५ साली भाषांचा गोंधळ घेतला. स्वतः इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषांत वाढलेल्या या माणसाचे म्हणणे असे की, एकाच भाषेत दोन माणसे बोलतात तेव्हाही अनुवादच चाललेला असतो. हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिची कोकणी वळणाची मराठी घाटावरच्या शेजारणींना समजावून सांगताना मी लहानपणी नकळत हेच काम करत होतो.

आता ३३२ क्रमांकाच्या पुस्तकाविषयी लिहितो, कारण तू ते तुझ्या पुतण्याला नोकरी लागली तेव्हा भेट दिलेस आणि मी त्यावर काही न बोलता नुसते मान हलवली होती. ते बरे केले नाही. जॉर्ज क्लासन हा अमेरिकेत नकाशे छापणारा गृहस्थ. काटकसर आणि बचत यांवरच्या त्याच्या छोट्या पुस्तिका बँका आणि विमा कंपन्या आपल्या ग्राहकांना वाटत असत, आणि १९२६ साली त्या एकत्र होऊन हे पुस्तक झाले. रथ बनवणारा बन्सीर, वाद्य वाजवणारा त्याचा मित्र आणि श्रीमंत अर्कद ही सगळी पात्रे काल्पनिक, आणि उपदेश मिळकतीचा दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला ठेवण्याचा. आज ते मराठीतही मिळते आणि मोठ्या शहरांत पदपथावरच्या विक्रेत्यांकडेही दिसते. या पुस्तकाने नाव नुसते दिखाव्यासाठी घेतले असा माझा समज होता. टेबलावरची बाकीची पुस्तके वाचल्यावर तो गळून पडला. बॅबिलोनात एगिबी नावाच्या घराण्याची खरोखर पिढ्यान्‌पिढ्या सावकारी चालली होती. मडक्यांत भरून ठेवलेली त्यांची कागदपत्रे, म्हणजे मातीच्या पाट्या, १८७०च्या दशकात सापडल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकाने भांडवल घालायचे, दुसऱ्याने धान्य-खजुराचा व्यापार करायचा आणि नफा वाटून घ्यायचा, असे भागीदारीचे करार त्यांत आहेत. चांदीवरचे नेहमीचे व्याज साठ शेकेलांच्या एका मिनावर दरमहा एक शेकेल (शेकेल आणि मिना ही तिथली वजने), म्हणजे वर्षाला साठांवर बारा, वीस टक्के. क्लासनने कथेसाठी योग्यच गाव निवडले होते, आणि तुझी भेटही योग्य होती. एवढेच की पुतण्याला या एगिबींची गोष्टही सांग. त्यांच्या व्यवहारात दहाव्या हिश्शाच्या उपदेशापेक्षा शिकण्यासारखे जास्त आहे.

हा साठाचा आकडा आला तसा तुझा विषय निघाला. ५१० क्रमांकाच्या ग्रंथात येल विद्यापीठातल्या एका पाटीचे छायाचित्र आहे. पाटी गोलसर, तळहातावर मावेल एवढी, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची; बहुधा एखाद्या विद्यार्थ्याची असावी. तिच्यावर चौरस आणि त्याचे कर्ण कोरले आहेत. बाजूवर तीस लिहिले आहे आणि कर्णावर १, २४, ५१, १०. आधी मला यातून काहीच बोध होईना. मग, ते लोक दहाऐवजी साठाच्या पटीत मोजत हे आठवून, जुन्या नोंदवहीच्या कोऱ्या पाठीवर मांडून पाहिले: एक, अधिक चोवीस भागिले साठ, अधिक एक्कावन्न भागिले छत्तीसशे, अधिक दहा भागिले दोन लाख सोळा हजार. उत्तर आले १.४१४२१३, आणि दोनाचे वर्गमूळ, म्हणजे चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूच्या जितका पट असतो तो आकडा, १.४१४२१३५ पासून पुढे जाते. पेन्सिल हातात धरून मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. तू पस्तीस वर्षे मुलांना फळ्यावर हेच शिकवलेस, सुधाकर. तासाची साठ मिनिटे आणि वर्तुळाचे तीनशे साठ अंश ही याच हिशेबाची देणगी, हे आपण पाठ केले होते. पण एखाद्या पोराच्या हातची ओली माती वाळून तो हिशेब आपल्यासमोर येतो, तेव्हा पाठ केलेले कुठच्या कुठे जाते.

प्रत्यक्ष शहराचे काय झाले ते मात्र वाचवत नाही. इराकमध्ये हिल्ला गावाजवळ, बगदादच्या दक्षिणेला त्याचे अवशेष आहेत. रोबेर्ट कोल्डेवे या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १८९९ ते १९१७ अशी अठरा वर्षे तिथे खोदकाम केले; निळ्या झिलईच्या विटांचे इश्तार द्वार बर्लिनला गेले. बाबेलच्या कथेत दगडाऐवजी वीट आणि चुन्याऐवजी डांबर वापरल्याचे लिहिले आहे, आणि नबुखद्नेस्सराच्या भिंती खरोखर भाजलेल्या विटा डांबरात बसवून उभारल्या होत्या. राजाचे नाव उठवलेल्या त्या विटा शतकानुशतके आसपासच्या लोकांनी घरांसाठी नेल्या. ज्याच्यावरून बुरुजाची कथा आली असे मानतात, त्या एतेमेनान्की नावाच्या पायऱ्यांच्या मंदिराची एकेक बाजू सुमारे ९१ मीटर होती. अलेक्झांडरने ते नव्याने उभारण्यासाठी ढिगारा उचलवला, इ. स. पूर्व ३२३ मध्ये तो त्याच शहरात मरण पावला आणि बांधकाम झालेच नाही. आज तिथे चौकोनी खड्डा आहे आणि त्यात पाणी साचते. बोर्हेसच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तक चारशे दहा पानांचे आहे आणि पंचवीस चिन्हांच्या सगळ्या शक्य जुळण्या तिथे आहेत. ती अफाट कल्पना या पाण्याच्या डबक्यापासून इतकी दूर जाऊन पोहोचली, याचे मला अजून नवल वाटते. २००३ साली युद्धात परदेशी फौजांनी या अवशेषांवर तळ टाकला तेव्हा जुनी जमीन उकरली गेली. २०१९ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा म्हटले. ते फार उशिरा झाले असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या नावावर जगभरच्या छापखान्यांनी एवढे कमावले, त्या गावाची माती तरी आधी सांभाळायला हवी होती.

आपल्याकडेही हे नाव पोहोचले होते, आणि छापील पुस्तकांच्या कितीतरी आधी. दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेली ‘सिद्धार्थ जातक’ची मालिका वाचनालयात पूर्वीपासून आहे. पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, ३३९ व्या क्रमांकावर बावेरु जातक येते. भारतातले व्यापारी गलबतावर दिशा दाखवायला ठेवलेला कावळा घेऊन बावेरु देशाला जातात. तिथे पक्षीच नसतात. लोक कावळ्यावर लुब्ध होतात आणि त्याला शंभर कार्षापण नाणी देतात. पुढच्या खेपेला व्यापारी मोर नेतात, चुटकी वाजवली की ओरडणारा आणि टाळी वाजवली की नाचणारा. त्याला हजार मिळतात, आणि कावळ्याकडे मग कोणी ढुंकूनही पाहत नाही. बावेरु म्हणजे बॅबिलोन असे अभ्यासक मानतात, कारण जुन्या फारसीत त्या शहराला ‘बाबिरु’ म्हणत. दुसरे नाव लोकमान्यांचे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या गौरवासाठी १९१७ साली निघालेल्या ग्रंथात टिळकांनी खाल्डियन (म्हणजे बॅबिलोनकडच्या) आणि भारतीय वेदांवर इंग्रजीत लेख लिहिला. अथर्ववेदात सर्पविषावरच्या मंत्रांत ‘तैमात’, ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘उरुगूला’ असे अनोळखी शब्द येतात. ते बॅबिलोनच्या प्रदेशातून आले असावेत आणि तैमात म्हणजे तिकडची समुद्ररूपी देवी तिआमत, असे त्यांनी सुचवले. त्यांची प्रत्येक जुळणी आज टिकणार नाही. पण मंडालेहून सुटून आल्याला तीनच वर्षे झालेली, होमरूलची धामधूम चाललेली, आणि अशा दिवसांत हा माणूस परक्या देशाच्या मातीच्या पाट्यांतले शब्द आपल्या वेदाच्या शेजारी ठेवून पाहत होता. मला हे त्यांच्या मोठेपणाचेच एक अंग वाटते.

दुर्गाबाईंचा खंड मी त्याच्या कपाटातून, २९४ मधून काढून खिडकीजवळच्या रांगेत सातवा म्हणून ठेवला आहे. ग्रंथपाल बाईंनी काल विचारले की ही पुस्तके अजून जागेवर का गेली नाहीत. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी मे महिन्यापर्यंत टेबल तसेच ठेवायला परवानगी दिली आणि प्रत्येक पुस्तकाजवळ त्याच्या कपाटाचा क्रमांक लिहिलेले कार्ड लावायला सांगितले, म्हणजे ज्याला जे आवडेल त्याने पुढे त्या कपाटाकडे जावे. कार्डे मी लिहून ठेवली आहेत. गणिताच्या कार्डावर त्या पाटीचा चौरस काढायचा राहिला आहे. माझा हात सरळ रेघेला कधीच वळला नाही, हे तुला ठाऊक आहे. एप्रिलअखेर तुझ्या नातवाच्या परीक्षा संपल्या की दोघेही या. चौरस तू काढ, आणि कर्णावर ते चार आकडे नातवाच्या हातून लिहून घेऊ.

वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
वसंत