किल्ली एकटीकडे ठेवू नकोस

देवरुख

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

गाडी स्वारगेटला वेळेवर पोचली हे दादाकडून कळलं. मला फोन आला नाही, म्हणजे राग अजून उतरलेला नाही. गौरी गेल्या त्या रात्री माझा आवाज चढला हे खरं, पण बोललो ते आजही मला तसंच वाटतं. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहायला बसलो.

कोथरूडच्या त्या एकट्या राहणाऱ्या आजींकडे जाऊ नकोस असं मी म्हटलेलं नाही, हे आधी लिहितो. आईला विचार, अख्ख्या आळीत मी काय सांगत फिरतो ते. एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, वर्षाचे १२० तास भरले की पोरं मोकळी होतात. आमची बाय तास भरून गेले तरी दर बुधवारी जाते, पेपर वाचून दाखवते, पासबुक भरून आणते, रमीचा एक डाव खेळते. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ही योजना सुरू झाली. झाडं लावणं, गाव झाडणं हेही चांगलंच काम आहे. पण म्हाताऱ्या माणसाजवळ दोन तास नुसतं बसायला जास्त धीर लागतो, आणि तो तुझ्यात आहे. तुझ्या वयात तो माझ्यात नव्हता.

पण त्यांच्या घराची किल्ली घ्यायला नको होतीस.

तुझं म्हणणं मी ऐकलं. आजी पडल्या आणि लॅच लागलेलं असलं तर आत कोण जाणार? रास्त आहे. माझं विचारणं एवढंच आहे, की ती किल्ली तुझ्याकडे आहे हे आणखी कोणाला माहीत आहे? त्यांच्या न्यू जर्सीच्या मुलाला? समोरच्या बिऱ्हाडाला? उद्या एखादी बांगडी सापडेनाशी झाली तर? म्हातारी माणसं वस्तू जपून ठेवतात आणि कुठे ठेवली ते विसरतात. आजी तुझं नाव घेणार नाहीत, मला मान्य. पण मुलगा विमानातून उतरला की त्याच्या लेखी तू कोण? पीजीत राहणारी कुठली तरी कोकणातली मुलगी.

मी पोस्टमन म्हणून नोकरीला लागलो तेव्हा गिरणीसंप होऊन गेला होता. १९८२ नंतर मुंबईच्या मनीऑर्डरी आटल्या असं जुने पोस्टमन सांगायचे. तरी माझ्या बीटवर घरटी एक म्हातारी होती आणि तिचा एक मुलगा परळ-लालबागला. वरच्या वाडीतल्या काकी मला पाट द्यायच्या, गूळपाणी द्यायच्या, मग पदराने चष्मा पुसायच्या. वाचता येत नव्हतं, तरी चष्मा लावल्याशिवाय ऐकायच्या नाहीत. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या खालच्या कुपनावर निरोपाला जागा केवढी, दोन ओळींची. "पैसे मिळाले की कळव. तब्येत जप." तेवढंच मी वाचायचो, आणि त्या म्हणायच्या, सावकाश वाच रे, पुन्हा वाच. मला पुढची वाडी गाठायची असायची, पण उठवायचं नाही.

एवढा घरोबा, तरी साक्षीदाराशिवाय मी त्यांच्या हातात कधी नोटा ठेवल्या नाहीत. अंगठा घ्यायचा तर साक्षीदाराची सही लागायचीच. खालच्या घरातून कोणाला तरी हाक मारायची, त्याच्यासमोर नोटा मोजायच्या, मग पॅडवर अंगठा. काकींना राग यायचा, "माझा काय तुझ्यावर विश्वास नाय?" विश्वास होता म्हणूनच साक्षीदार पाहिजे होता. तो त्यांनाही राखत होता आणि मलाही.

नेदरलँड्समधल्या देव्हेंटरची गोष्ट तू सांगितलीस. तिथे २०१२ पासून कॉलेजची मुलं वृद्धाश्रमातच राहतात, भाडं नाही, त्याबदल्यात महिन्याला ३० तास आजी-आजोबांबरोबर घालवायचे. मला ते फार आवडलं, मी मित्रांनाही सांगितलं. पण तिथे मधे संस्था आहे. रात्री काही झालं तर मुलाला कोणाला उठवायचं हे ठाऊक असतं. तुझ्या आणि आजींच्या मधे कोण आहे? म्हणून म्हणतो, मुलाला आजींच्या फोनवरूनच मेसेज जाऊ दे, किल्ली कोणाकडे आहे तो. दुसरी किल्ली शेजारी असू दे. बुधवारी मैत्रिणीला बरोबर ने. एटीएम कार्डाला हात लावू नकोस, पिन त्यांनी सांगितला तरी ऐकू नकोस. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली राज्याने २०१० मध्ये नियम केले. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी भेट द्यायची, असं त्यांत आहे. आजींचं नाव त्या यादीत आहे का, ते जाऊन विचार. १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटव. सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो, रात्रीसाठी शेजारीच पाहिजे.

बघ, पुन्हा सुरू झालं माझं. भाषण देणार नाही असं आईला कबूल करून बसलो होतो. माफ कर.

खरं सांगू का? बांगडीची भीती मला तेवढी नाही. चोर म्हणतील तर मी पुण्याला येऊन तुझ्या बाजूला उभा राहीन. भीती वेगळी आहे. एकदा मनीऑर्डर घेऊन गेलो तर काकींचं दार नुसतं लोटलेलं होतं. कोंबड्या ओटीवर चढल्या होत्या, आणि काकी कोंबड्यांना ओटीवर कधी येऊ द्यायच्या नाहीत. हाक मारली. मग एकटाच आत गेलो. फॉर्मवर 'मयत' असा शेरा मारून पैसे मुंबईला परत पाठवायचे, ते काम मीच केलं. कितीतरी दिवस घास उतरत नव्हता. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं, आईला माहीत आहे. मी तेव्हा बाप्या माणूस होतो, नोकरी होती ती. तू बावीस वर्षांची, परक्या गावात, संध्याकाळी एकटी ते दार उघडणार. ते दार तुला एकटीला उघडायला लागू नये, एवढंच माझं आहे. म्हणून किल्ली तुझ्याकडे आणि शेजारी, दोन्हीकडे असू दे.

आजींना सोडू नकोस. सेमिस्टरची परीक्षा आली, बुधवार चुकणार असला, तर आदल्या दिवशी फोन कर. वाट बघणाऱ्याला निरोप मिळाला की दिवस जातो. पुढच्या वर्षी नोकरी लागून तू पुणं सोडलंस तर काय, ते आत्तापासून त्यांच्याशी बोलत राहा, आणि तुझ्या जागी येणाऱ्या मुलीला आधी दोन-तीनदा बरोबर घेऊन जा.

आईने कुळथाचं पीठ आणि आमसुलं काढून ठेवली आहेत, जाधवांचा मुलगा रविवारी निघेल त्याच्याकडे देतो. दिवाळीत आजींचा मुलगा येणार नसेल तर त्यांना इकडे घेऊन येशील का, असं आईने विचारायला सांगितलं आहे. प्रवास झेपेल का ते त्यांच्या डॉक्टरांना विचार, आणि मुलाच्याही कानावर घाल. मागच्या न्हाणीची पायरी उंच आहे, तिला धरायला कठडा लावून घेतो. मिस्त्रीला वेळेत सांगायला हवं, म्हणून लवकर कळव.

बाबा