शाळा सुटल्यावर हॉल उघडा ठेवा

मा. संपादक, स. न. वि. वि.

मी सायनला राहते, धारावीतल्या पोरांच्या ट्यूशन घेते. माझ्याकडे आठवीतला एक मुलगा होता, कोविडमध्ये वडील गेले तेव्हापासून बोलायचाच नाही, वही उघडून नुसता बसायचा. आई म्हणायची बाई रागवा त्याला, आणि मी रागवले पण, त्याचं आजही वाईट वाटतं. एकदा बेंचवर बोटांनी ठेका धरून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, म्हटलं मोठ्याने म्हण की. रॅप होतं, म्हणजे ठेक्यावर यमक जुळवत म्हणायचं गाणं, वडिलांच्या टेम्पोवर. मध्येच थांबून विचारतो, बाई ‘आठवण’ला यमक काय? निबंधाच्या पाच ओळी न लिहिणारं पोर शब्द शोधत होतं हो!

धारावीत ‘आफ्टर स्कूल ऑफ हिपहॉप’मध्ये मुलांना रॅप, बीटबॉक्सिंग (तोंडानेच ठेका वाजवणं), ब्रेकडान्स फुकट शिकवतात, फार मोलाचं काम आहे, पण सगळी मुलं तिथे कशी मावणार? हे सगळं वाया जाण्याचे धंदे असं म्हणणाऱ्या पालकांना मी एकच सांगते, ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्या पार्टीपासून हिपहॉपची, म्हणजे या रॅप-ब्रेकडान्सच्या सगळ्या कलेची, सुरुवात मानतात ती सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून ठेवली होती, गाणी लावायला तिचा भाऊ डीजे कूल हर्क.

आणि आपल्याकडे तर हलगी आहे. विस्तवावर तापवून वाजवायला घेतली की गप्प बसलेलं पोरही पाय हलवतं, चारजण एका ठेक्यात आले की एकमेकांकडे बघायला लागतात. गावाने ती काही जातींच्या गळ्यात बांधून ठेवली, म्हणून वर्गात तरी ती सगळ्यांच्या हातात यावी असं मला मनापासून वाटतं.

ज्याचं दुखणं खोल आहे त्याला समुपदेशक हवाच, ढोल-रॅपने ते भागणार नाही, पण समुपदेशकाशी बोलायला आधी तोंड तर उघडायला हवं ना. माझी मागणी एवढीच, पालिकेच्या शाळांनी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी हॉल द्यावा आणि वस्तीतल्याच रॅपर, हलगीवाल्या मुलांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. परीक्षा नको, सर्टिफिकेट नको. आमच्या इथल्या हॉलची चावी माझ्याकडे द्या, आठ वाजता झाडून, कुलूप लावून परत आणून देईन.

– एक शिकवणीच्या बाई, सायन, मुंबई