परदेश सहलीतील तलावांना पहिला दिवस द्यावा

महोदय,

धानाची मळणी आटोपली की भंडारा-गोंदियाकडच्या गावांतूनही आता गटागटाने श्रीलंकेच्या सहली निघतात; मात्र अनेक आयोजक समुद्रकिनारा आणि खरेदी आधी उरकून ऐतिहासिक व नैसर्गिक स्थळे परतीच्या आदल्या दिवसावर ढकलतात. सिगिरियाला पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते आणि पाचव्या शतकात राजा काश्यपाने ज्या प्रचंड कातळावर राजवाडा उभारला, तो चढून उतरण्यातच वेळ संपतो. पायथ्याच्या जलोद्यानातील कारंजी, जी पाण्याच्या नैसर्गिक दाबावर चालत आणि पावसाळ्यात आजही उसळतात, बघायची राहूनच जातात.

वास्तविक मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या आपल्या माणसांसाठी पाहण्याजोगे खरे तिथेच आहे. काश्यपाचा पिता धातुसेन याने बांधलेला कलावेवा हा विशाल तलाव आणि तिथून अनुराधपुराकडे अत्यंत मंद उताराने सुमारे ८७ किलोमीटर पाणी नेणारा जयगंगा कालवा आजही उपयोगात आहेत. तिथल्या जुन्या तलावांच्या बांधात ‘बिसोकोटुवा’ नावाची, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जोर आवरणारी चौकोनी विहीर असते. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची पाळ आणि पाट राखणाऱ्यांनी ती अवश्य न्याहाळावी. (खरेदीची दुकाने तर नागपुरातही आहेत.)

आयोजकांनी कलावेवा व सिगिरिया सहलीच्या सुरुवातीला, सकाळच्या वेळी ठेवावेत आणि पैसे भरण्यापूर्वी गटांनीही तसा कार्यक्रम लेखी मागून घ्यावा.

आपला,
एक धान उत्पादक, ता. साकोली, जि. भंडारा