३४ दिवस उरले होते, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावरच टाकणार होते. मग वाटलं, सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं. तुम्ही जे मला एका दुपारी सांगितलंत ते माझ्या १९ वर्षांच्या नोकरीत कोणीच सांगितलं नव्हतं, आणि माझ्यासारखे कितीतरी जण आजही कुठल्या ना कुठल्या शाखेत स्मरणपत्रं टाइप करत बसलेले असतील. तुमचं नाव लिहीत नाही, माझ्या कार्यालयाचंही नाही.

११ मे २०२३ चा गुरुवार होता. शेजाऱ्यांच्या वारस नोंदीसाठी तुम्ही आमच्याकडे आला होतात. साहेब मीटिंगला गेलेले, म्हणून माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून होतात. माझ्या डावललेल्या पदोन्नतीबद्दलचं पाचवं स्मरणपत्र मी टाइप करत होते. तुम्ही काहीतरी विचारलंत, मला कळलं नाही. डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही, उजव्याने यंत्र लावून थोडंफार येतं, पण डोक्यावर पंखा फिरत असला की तेही जातं. अशा वेळी लोक आवाज चढवतात आणि अख्खी शाखा माना वळवून बघते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. खुर्ची ओढून, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून माझ्यासमोर बसलात, म्हणजे मला ओठ दिसतील. मग खिशातली पेन्सिल काढून वापरलेल्या सरकारी लिफाफ्याच्या पाठीवर लिहिलंत, "मूळ आदेश कोणत्या तारखेचा?"

मी लिहिलं, १४ जून २०२२.

"पहिलं निवेदन?"

२७ जून २०२२.

"पोच आहे?"

मला वाटलं होतं, तुम्ही अन्यायाबद्दल विचाराल. मी त्याचीच तयारी करून बसले होते, कारण वर्षभर भेटेल त्याला मी तेच सांगत होते. त्या जूनच्या आदेशाने ज्येष्ठता यादीत माझ्याखाली असलेल्या दोघांना पदोन्नती मिळाली आणि मला डावललं गेलं. माहिती अधिकारात पदोन्नती समितीचं इतिवृत्त मागवलं, तेव्हा माझ्या नावापुढे शेरा सापडला की श्रवणदोषामुळे दूरध्वनीवरच्या व जनसंपर्काच्या कामास मर्यादा आहेत. माझे गोपनीय अहवाल चांगले होते, विभागीय परीक्षा वेळेत उत्तीर्ण होते, त्याबद्दल एक ओळ नव्हती. तो कागद वाचला त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तुम्ही मात्र तारखाच विचारत राहिलात. तेव्हा थोडा रागही आला होता. आज सांगते, काका, तेवढ्यानेच माझं काम वाचलं.

पोच म्हणून माझ्याकडे निवेदनाची स्थळप्रत, म्हणजे आवकचा शिक्का मारून परत मिळालेली प्रत, होती. आवक शिक्क्यातला महिना पुसट झाला होता. तुम्ही ती उजेडात धरलीत, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ नेलीत आणि म्हणालात, "जून आहे. याची आजच झेरॉक्स काढ, उद्या हाही दिसणार नाही." मग लिफाफ्यावर आकडेमोड केलीत. तो लिफाफा आजही माझ्या फाइलमध्ये पहिल्या पानाला टाचलेला आहे.

ती आकडेमोड इथे लिहिते, कारण ती माझ्या एकटीपुरती नाही.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला सेवेतल्या तक्रारीसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्याला मॅट म्हणतो तिथे, जावं लागतं. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ मध्ये मुदत दिली आहे. अंतिम आदेश झाला असेल तर त्या तारखेपासून एक वर्ष. अपील किंवा निवेदन दिलं आणि सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. या दुसऱ्या हिशेबाने माझी मुदत २७ डिसेंबर २०२३ पर्यंत जात होती. मला हायसं वाटलं. तुम्ही त्या तारखेवर काट मारलीत. म्हणालात, नियमांत ज्याची तरतूद आहे असं निवेदन असेल तरच ते सहा महिने हक्काने मोजता येतात, साध्या निवेदनावर समोरचा वकील वाद घालणार. "दोन तारखा निघाल्या तर आधीची आपली." आणि १४ जून २०२३ ला गोल केलात. कडेला लिहिलंत, ३४.

३४ दिवस. आणि मी पाचवं स्मरणपत्र टाइप करत होते!

स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ मध्ये राठोर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात हे सांगून ठेवलं आहे की कायद्यात तरतूद नसलेली निवेदनं पुन्हा पुन्हा देत राहिल्याने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. २००८ च्या सी. जेकब प्रकरणात तर त्याहून पुढचं आहे. शिळ्या झालेल्या मागणीला कार्यालयाने उशिरा उत्तर दिलं, तरी त्या उत्तरामुळे मागणी नव्याने जिवंत होत नाही. आम्हाला वाटतं, एकदा लेखी उत्तर येऊ दे, मग बघू. आणि कार्यालयात काय सांगतात? "फाइल वर गेली आहे." "साहेबांच्या टेबलावर आहे." "पुढच्या बैठकीत घेतो." सांगणारे सगळे वाईट होते असं मी म्हणत नाही, काहींनी मनापासून सांगितलं. पण त्या प्रत्येक दिलाशाने माझा एकेक महिना गेला.

मी तुम्हाला विचारलं होतं की पगाराच्या प्रकरणांत तर लोक कितीतरी वर्षांनी जातात, मग मला कसली घाई? त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर मी आता सगळ्यांना सांगते. वेतननिश्चिती किंवा निवृत्तिवेतन चुकलं असेल तर दर महिन्याला ती चूक नव्याने होते, म्हणून उशीर झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही, थकबाकी मात्र सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. पदोन्नतीचं तसं नाही. तिथे आपल्यामागचे लोक पुढे गेलेले असतात, त्यांची घडी बसलेली असते, ती मोडायला न्यायालय तयार होत नाही. उशिराला सबळ कारण असेल तर विलंब माफ होऊ शकतो, तीही तरतूद कलम २१ मध्येच आहे. पण तुमचं म्हणणं होतं की माफी मागायची वेळच का येऊ द्यायची.

त्याच दिवशी तुम्ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वाचायला लावलात. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे आणि मी स्वतः दिव्यांग असून तो उघडलाही नव्हता, याचं मला वाईट वाटतं. कलम २० मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की केवळ दिव्यांगत्वाच्या कारणाने पदोन्नती नाकारता येणार नाही. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा, आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायला हवी. आमच्याकडे हा अधिकारी कोण, हे आस्थापना शाखेलाही सांगता येईना. तरी तुम्ही त्याच पदनामाने अर्ज लिहायला लावलात, आवकला नोंदवून पोच घ्यायला लावलीत. आणि बजावलंत, "याच्या उत्तराची वाट बघत मॅट थांबवायचं नाही."

वकील तुम्ही शोधून दिलेत. कागद लावताना तुम्ही दोनदा बसने आलात, भाड्याचे पैसे घेतले नाहीत. ९ जून २०२३ ला, पाच दिवस हातात ठेवून, मॅटमध्ये माझा मूळ अर्ज दाखल झाला. सरकारी उत्तरात पहिलाच आक्षेप मुदतीचा होता. आमच्या वकिलांनी आदेशाची तारीख आणि दाखल केल्याची तारीख वाचून दाखवली, तिथेच तो मुद्दा संपला. त्यानंतर माझ्या अन्यायाबद्दल कोणीतरी ऐकायला बसलं.

निकाल तुम्हाला ठाऊक आहे. तो शेरा विचारात न घेता पदोन्नती समितीने माझं नाव पुन्हा तपासावं असा आदेश झाला, आणि या वर्षी मला १४ जून २०२२ हा मानीव दिनांक मिळाला, म्हणजे त्याच तारखेपासून माझी पदोन्नती धरली गेली. ज्या तारखेने माझी झोप उडवली, तीच तारीख आता माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने आहे. मी त्या नोंदीवरून बोट फिरवलं, खरंच. पेढे घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "नोंदीवर सही झाली का, साक्षांकित केली का?" मग पेढा घेतलात.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिले आहेत. आमच्या इथल्या एका सहकारी बाईंना वरिष्ठाकडून त्रास होत होता, नको तसा. त्या "बघू, बदली होईल त्याची" म्हणत होत्या. तुमच्यामुळे मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो तारखेचाच. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. घटना एकामागून एक असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. समितीला कारण पटलं तर ती लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबून राहू नये. बाईंचे नऊ आठवडे झाले होते. आम्ही दोघींनी बसून तक्रार लिहिली, अंतर्गत समितीकडे दिली, पोच घेतली. तीन महिने फारच थोडे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या बाईला घरीसुद्धा हे बोलता येत नाही, तिला आधी स्वतःशी बोलायलाच तेवढे दिवस लागतात. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, आज मुदत तीन महिन्यांचीच आहे.

काका, येत्या रविवारी घरी असाल तर येते. सोबत दुसऱ्या विभागातली एक मुलगी असेल. अपघातानंतर पायाने अधू झाली आणि तिला खालच्या पदावर टाकलं आहे. कलम २० तिला मी वाचून दाखवलं. आदेश तिच्या हातात पडून सात आठवडे झाले आहेत. अजून एकही स्मरणपत्र दिलेलं नाही. आदेशाची, निवेदनाची आणि पोचेची झेरॉक्स घेऊन यायला सांगितलं आहे.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
लिफाफा जपून ठेवणारी