सोनूच्या हॉस्टेलबद्दल

ती. आई आणि दादा,
सा. नमस्कार.

दादा, फोनवर तुमचा आवाज चढला की मला अजूनही काही सुचत नाही, म्हणून लिहिते. सोनूला आम्ही हॉस्टेलला पाठवत नाही. फॉर्म परत घेतला. तुम्ही तिथं शब्द टाकला होता, त्या माणसांपुढं तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, हे कळतं मला. पण लेकरू सात वर्षांचं आहे. तिथली शिस्त छडीची आहे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिला बंदी आहे. तुम्ही स्वतः कधी छडी हातात धरली नाहीत.

तो आळशी नाही हो. येळवशीच्या सणाचं विचारा, शेतात कडब्याची कोप कशी बांधली, आंबील कुणी सांडली, सगळं न अडखळता सांगतो. तेच लिही म्हटलं की एका ओळीत घामाघूम. ‘घ’ आणि ‘ध’ एकच होतात, वेलांटी भलतीकडं जाते, पेन्सिल एवढी दाबतो की कागद फाटतो. फळ्यावरचं उतरवून होत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत बसवून ठेवतात, पोरं हसतात. मग तो वही फाडतो, बाकाखाली जाऊन बसतो. त्या पोराला चावला तेही असंच झालं. आधी हात मागं पडतो, राग नंतर येतो.

डॉक्टर बाईंना हा डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अडचण, वाटतो. हुशारीशी त्याचा संबंध नाही. प्रमाणपत्र आठ वर्षं झाल्यावर मिळतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे येतं, दहावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिकही मिळतो. पण मदत आत्तापासूनच हवी. लातुरातच ऑक्युपेशनल थेरपी सुरू केली आहे. घरी तो माझ्यासोबत कणीक मळतो, शेंगा फोडतो, परातीतल्या रव्यात बोटानं अक्षरं काढतो. वर्गात आता निम्मंच उतरवायचं, बाकी तोंडी सांगायचं. राग आला की बाई त्याला झाडांना पाणी घालायला पाठवतात. बाई खरंच चांगल्या आहेत.

सोनूची तुलना करताना तुम्ही अण्णाकाकांचं नाव काढलंत. मीही रात्रभर त्यांचाच विचार करत होते. त्यांनाही कुणी असं तपासायला हवं होतं. यात आजीचा दोष नाही, तुमचा तर नाहीच. तेव्हा हे कुणाला माहीत होतं?

दादा, पाटी कोळशानं घासून तुम्ही माझा हात धरून ‘ग’ गिरवून घ्यायचात. माझं अक्षर तुमचंच आहे. सोनूचं तसं होणार नाही कदाचित. म्हणून तो तुमचा नातू कमी ठरत नाही.

येळवशीला आम्ही येतोय. पण थेरपी बुडवायची नाही, म्हणून यंदा जास्त दिवस राहणं जमणार नाही, रुसू नका. आल्यावर त्याला वही उघडायला लावायची नाही. पाहुण्यांसमोर शुद्धलेखन नाही, काकांशी तुलना नाही. तो गोष्ट सांगेल, ती तुम्ही तुमच्या अक्षरात लिहून घ्या. त्याला फार आवडेल.

आई, गिझर बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नकोस. गुडघे एवढे दुखत असताना पहाटे चुलीपुढं बसून पाणी तापवायचं नाही. दादांची शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, जेवण झाल्यावर आठवण करून उपयोग नाही. आणि येळवशीचे उंडे एकटीनं करत बसू नकोस, मी आदल्या दिवशीच येते.

तुमची,
माई