बाळाच्या खुणेला उत्तर मिळावे

मा. संपादक,

तान्ह्या बाळांना हातांच्या खुणा शिकवण्याच्या चित्रफिती सध्या मोबाइलवर फिरत आहेत आणि त्या पाहून आमच्या धरमपेठ परिसरातील काही तरुण आई-वडिलांनी घरी तसा प्रयत्न सुरू केला आहे. त्याविषयी दोन टोकांची मते कानांवर येतात. हाताने मागितलेले मिळू लागले की मूल बोलायचा कंटाळा करील, अशी आजी-आजोबांना धास्ती वाटते. तर खुणा शिकलेले मूल इतरांपेक्षा हुशार निघते, अशी काही पालकांची खात्री झालेली असते. बालवाडीत आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून मला या दोन्ही समजुती दूर व्हाव्यात असे मनापासून वाटते.

ओठ, जीभ, टाळू आणि श्वास यांचा मेळ बसल्याशिवाय शब्द उमटत नाही आणि तो मेळ बसायला बहुतेक मुलांना वर्ष लागते. हात मात्र त्याआधीच ताब्यात येतात. आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाला आपले बरेच बोलणे समजू लागते, पुढे ते बोट दाखवू लागते, पण हवे ते सांगता येत नाही म्हणून रडते. आपल्या घरांत टाटा करणे, बाप्पाला जय करणे, 'संपलं' म्हणून दोन्ही तळवे उलटे करणे हे पूर्वापार चालतच आले आहे. त्यात दूध, पाणी, आणखी, पुरे अशा गरजेच्या दोन-चार खुणांची भर घातली की झाले. वर्षाच्या आतबाहेरचे मूल नागपूरच्या मे महिन्यात तहानेने किरकिरते तेव्हा त्याला पाणी हवे आहे की झोप, हे खुणेवरून कळणे ही लहान गोष्ट नाही.

मात्र खूण करताना तो शब्द दर वेळी स्पष्ट उच्चारला पाहिजे. ती वस्तू समोर असताना, बाळ आपल्या तोंडाकडे पाहत असतानाच खूण करावी आणि आई, आजोबा, सांभाळणारी बाई या सर्वांनी एकच खूण वापरावी. कित्येक आठवडे बाळ नुसते पाहत राहील. नंतर वेडीवाकडी का होईना, खूण करील, तेव्हा हात धरून ती सुधारत बसण्यापेक्षा मागितलेले लगेच द्यावे. पाहुण्यांसमोर 'करून दाखव' असा आग्रह तर मुळीच धरू नये.

लिंडा अॅक्रेडोलो आणि सुझन गुडविन या अमेरिकी संशोधक महिलांनी हा विषय लोकप्रिय केला. पुढे इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी 40 बाळांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत अभ्यास केला आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुणांमुळे भाषा लवकर आली नाही, पण खुणा शिकवणाऱ्या माता बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना अधिक प्रतिसाद देऊ लागल्या, असे त्यांत दिसले. माझ्या मते खुणांचा खरा लाभ हाच आहे, आणि तेवढ्यासाठी पैसे भरून वर्ग लावण्याची गरज नाही.

याहून गंभीर बाब श्रवणाची आहे. जन्मतः ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. उन्हाळ्यात मागून मारलेल्या हाकेला त्याने दाद दिली नाही, तर कूलरच्या आवाजाने ऐकू गेले नसेल, असे समजून दिवस जातात. श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, श्रवणदोषाचे निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, असा वैद्यकीय संकेत आहे. ही चाचणी झाली नसेल तर आता करून घ्यावी आणि वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' असे म्हणून थांबू नये. बहिऱ्या मुलासाठी चार खुणा पुरेशा नसतात. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे आणि ती त्याला व त्याच्या आई-वडिलांना लवकर शिकायला मिळाली पाहिजे.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी जवळजवळ प्रत्येक बाळ आरोग्य केंद्रात येते आणि खुणा सुरू करण्याचे वयही तेच असते. त्या दिवशी परिचारिकेने किंवा अंगणवाडी सेविकेने पाच मिनिटे काढून दोन खुणा करून दाखवाव्यात, 'बाळ हाकेला वळते का' हे विचारावे आणि शंका असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणीसाठी पाठवावे, अशी नागपूर महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला आपल्या पत्रामार्फत विनंती आहे. यासाठी नवी योजना लागणार नाही, वेगळा निधीही लागणार नाही.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, धरमपेठ, नागपूर