आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: तेलाच्या बाटलीवर खरं काय ते लिहायला लावा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मला आमवात होऊन बारा वर्षं झाली. उशाशी लॅव्हेंडर तेलाची बाटली असते. रात्री दुखणं वाढलं की रुमालावर दोन थेंब टाकते आणि डोळे मिटून पडून राहते. सूज त्याने उतरत नाही, सकाळी बोटं आखडायची ती आखडतातच. पण मधला तो तास निभावतो, कधी डोळाही लागतो. दुखणं ज्याच्या पाचवीला पुजलंय त्याला या एका तासाचं मोल कळतं. त्यामुळे वनस्पतींपासून काढलेली ही सुगंधी तेलं बंद करा, असं सांगायला मी लिहीत नाही.

लिहायचं कारण माझी आई.

तिच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज चालू असते. गुडघे दुखतात म्हणून कुणीतरी सुचवलेलं विंटरग्रीन या झुडपाचं तेल ती सकाळ-संध्याकाळ चोळायला लागली. गुडघ्यांना बरं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात दंडावर काळेनिळे डाग दिसले. कुठे आपटल्याचं तिला आठवेना. मग एकदा सकाळी दात घासताना बेसिनमधलं पाणी गुलाबी झालं आणि हिरड्यांचं रक्त थांबेचना. रक्त तपासलं तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, जो तिच्यासाठी 2 ते 3 च्या मध्ये राहायला हवा, तो 6 च्या वर गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, नवीन गोळी सुरू केलीत का? आम्ही नाही म्हणालो, आणि खोटं बोललो नाही. तेलाला कोण औषध म्हणतं? दुसऱ्या दिवशी रक्त काढायला आलेल्या सिस्टर वासावरून थबकल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, हे काय लावता पायाला?’ तेव्हा कुठे उलगडा झाला.

विंटरग्रीनच्या तेलात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. ते कातडीतून रक्तात उतरतं आणि वॉरफरिनचा जोर वाढवतं. या तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये, साधारण 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो. 325 मिलिग्रॅमच्या वीसपेक्षा जास्त गोळ्या झाल्या या! लहान मुलाने तेवढं तोंडात घेतलं तर जीव जाऊ शकतो. आमच्या बाटलीवर यातलं एक अक्षर नव्हतं. पानाचं चित्र होतं, ‘शंभर टक्के शुद्ध’ होतं आणि ‘थेरप्युटिक ग्रेड’ होतं. ही ग्रेड कोणतीही सरकारी यंत्रणा देत नाही. विकणाऱ्यांनीच काढलेला शब्द आहे तो, आणि ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की कुणीतरी तपासून शिक्का मारलाय.

मंत्रीमहोदय, धडधाकट माणूस ही तेलं हौसेने घेतो. आमच्यासारखे घेतात ते नाइलाजाने, आणि आधीच चार-पाच गोळ्या चालू असताना. अपस्मार असलेल्याला कापूर किंवा निलगिरीच्या तेलाने झटका येऊ शकतो. दमेकऱ्याचा श्वास तेलाचा वास खोलीत पसरवणाऱ्या डिफ्युझरच्या वाफेनेही अडकू शकतो. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. लॅव्हेंडरसुद्धा, बाटली उघडून बरेच महिने झाले की हवेशी संयोग होऊन त्यातलं लिनालूल हे वासाचं द्रव्य बदलतं आणि अंगावर पुरळ उठवू शकतं. माझ्या बाटलीवर ती कधी भरली याची तारीख नाही. आता मीच उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून लावते.

हेच तेल औषधासारखं वागवलं की चित्र कसं बदलतं, ते पुदिन्याच्या तेलाचं बघा. त्यातला मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतो. पोटात न विरघळता आतड्यात जाऊन फुटणारी कॅप्सूल केली, मात्रा ठरवली, रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि 2021 मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आयबीएसच्या, म्हणजे पोटात कळा येऊन शौचाचं तंत्र बिघडवणाऱ्या आतड्याच्या जुनाट त्रासासाठी ते सुचवलंही. पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आम्हा रुग्णांना एवढंच हवं असतं: कशाने किती फरक पडतो आणि कुठे थांबायचं.

आणि त्याच वर्षी, त्याच देशात, लॅव्हेंडरच्या वासाच्या एका रूम स्प्रेमध्ये मेलिओइडोसिस या जीवघेण्या संसर्गाचे जंतू सापडले. चार जणांना तो आजार झाला, दोघं दगावली, त्यात एक लहान मूल होतं. नुसता सुगंध म्हणून विकलेली वस्तू होती ती.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, मुख्य घटक, भरल्याची तारीख आणि पातळ केल्याशिवाय लावू नये ही सूचना वाचता येईल एवढ्या अक्षरांत असू द्या. विंटरग्रीनवर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा इशारा ठळक हवा, निलगिरी आणि कापरावर झटक्यांचा. मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं करा. ‘संधिवात बरा होतो’, ‘साखर उतरते’ असे दावे करणाऱ्यांकडे पुरावा मागा, नसेल तर विक्री थांबवा. या दाव्यांवर विसंबून कुणी आपली गोळी सोडतं तेव्हा नुकसान भरून निघत नाही.

शेवटचं काम तर बिनखर्चाचं आहे. सरकारी दवाखान्यांच्या केसपेपरवर ‘चालू औषधं’ या रकान्याखाली एक ओळ वाढवा: अंगाला काही लावता का, कशाचा वास घेता का? तो प्रश्न पहिल्याच दिवशी कुणी विचारला असता तर आईने लगेच सांगितलं असतं. तेलाची बाटली तर तिच्या पिशवीतच होती.

आपली,
एक रुग्ण आणि एका रुग्णाची मुलगी